उत्तर सतरा, कारण गर्दी होते

चौतीस वर्षं मी गणित शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं मुलांच्या एकाच वाक्याशी झगडण्यात गेली : "सर, गणित येतंय, पण उदाहरण समजत नाय." बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. एकशे वीस भागिले बारा म्हटलं की पोरं झटकन दहा म्हणतात. तेच 'आठ मजूर एक विहीर पंधरा दिवसांत खोदतात, तर तीच विहीर बारा मजूर किती दिवसांत खोदतील?' असं विचारलं की अर्धा वर्ग छताकडं बघायला लागतो.

मास्तरचं काम एवढंच, की त्या गोष्टीतून मजूर, विहीर, ऊन, तहान हे सगळं बाहेर काढायचं आणि आकडे तेवढे आत ठेवायचे. मजूर गुणिले दिवस म्हणजे एकूण काम. आठ पंधरे एकशे वीस. त्याला बारानं भागायचं. उत्तर दहा दिवस. सुटलं. या कामात माझा हात चांगला होता, हे सांगायला आता लाज वाटत नाही. नळांनी हौद भरणं, बाप-लेकाची वयं, समोरासमोरून येणाऱ्या दोन बैलगाड्या, सगळं मी शिकवलं आणि पोरं पास झाली. पण विहिरीच्या या एका उदाहरणानं मला एकदा असं काही खोलात नेलं, की ते सांगितल्याशिवाय माझ्या नोकरीबद्दल बोलताच येत नाही.

गावाचं नाव सांगत नाही. पिशोरच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी, एवढं पुरे. कारण तिथल्या शाळेच्या दप्तरात एक विहीर तिच्या खऱ्या वयापेक्षा नऊ दिवसांनी मोठी आहे, आणि त्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पोलीस ॲक्शनला वीसेक वर्षं झाली होती. शाळा सातवीपर्यंत. आमचे मुख्याध्यापक नवगिरे गुरुजी. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, त्यामुळं बोलायचे मराठीत, पण हिशेब करायचे उर्दूत. फळ्यावर मोठा गुणाकार करताना त्यांचे ओठ हलायचे, 'दो दूनी चार, दो तीया छे', आणि मग ते मान वर करून मराठीत उत्तर सांगायचे. मी सोनवणे मास्तर, तिशी न ओलांडलेला, अंगात बरीच हुशारी असलेला.

त्या वर्षी औरंगाबादच्या मुलींच्या वसतिगृहातून पत्र आलं, की तुमच्या शाळेतून सातवीला पहिली येणारी एक मुलगी पाठवा. आठवीपासून तिथं राहून शिकेल. खाट एकच शिल्लक आहे. आमच्या सातवीत मुली दोनच होत्या. एक विमल, सरपंच आबारावांची. दुसरी मेहरून, रसूलचाचांची. रसूलचाचा म्हणजे विहिरी खोदणाऱ्यांचे मुकादम. पिशोरपासून देवगाव रंगारीपर्यंत विहिरीला हात घालायचा म्हटलं की आधी त्यांना बोलावणं जायचं. जमिनीवर टाच आपटून खाली मुरूम आहे का पाषाण, हे ते सांगायचे.

वार्षिक परीक्षेत मी विहिरीचं ते उदाहरण घातलं. चार गुणांना. विमलनं रीतसर सोडवून दहा दिवस लिहिलं. मेहरूननं काहीच मांडलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं : 'सतरा दिवस. आठाच्या वर माणसं उतरली की गर्दी होते.'

मी हसलो आणि तांबड्या पेन्सिलीनं शून्य दिलं. बेरीज केली तेव्हा कळलं, की विमल तिच्यापेक्षा बरोबर दोन गुणांनी पुढं आहे.

पेपर मुलांना दाखवायची आमची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा भरली आणि रसूलचाचा दारात उभे. डोक्याला पांढरं मुंडासं, हातात मेहरूनचा पेपर.

"मास्तर, हे सतरा कोणी शिकवलं हिला?"

मला वाटलं, पोरीला मार बसणार. मी म्हणालो, "चाचा, जाऊ द्या. लहान आहे. चुकली."

"चुकली तर हायेच. सतरा कसे होतील? एकोणीस लागतील. बारा माणसं म्हणजे मजाक हाय का? सतरा म्हणती! हिला लहानपणापासून विहिरीवर नेतोय मी."

मेहरून मागं उभी होती. ती म्हणाली, "अब्बा, कप्प्या दोन लावल्या तर सतरा."

"दोन कप्प्या लिहिलंय का सवालात? लिहिलं नाय तर एकच धरायची."

मी शांतपणे त्यांना समजावलं, की उत्तर सतराही नाही आणि एकोणीसही नाही, दहा आहे. खडू घेऊन फळ्यावर करून दाखवलं. चाचांनी ते सगळं नीट बघितलं. मग विचारलं, "विहीर किती फुटाची?"

"ते दिलेलं नाही."

"खाली मुरूम का काळा पाषाण?"

"तेही दिलेलं नाही."

"मग दिलंय काय?"

"आठ मजूर, पंधरा दिवस."

चाचा माझ्याकडं असं पाहत राहिले, जसं आपण मुलाला खोकला झाल्याशिवाय औषध पाजणाऱ्या माणसाकडं पाहू. म्हणाले, "मास्तर, हिसाबानं साठ माणसं लावली तर विहीर किती दिवसांत?"

मी मनात भागाकार केला. "दोन."

"आन एकशे वीस लावली तर?"

"एक."

"आन पुऱ्या तालुक्याची माणसं लावली, तर इथून उठायच्या आत विहीर?" ते हसले नाहीत. खरंच विचारत होते. मी म्हणालो, की हे सातवीच्या अभ्यासक्रमात नाही.

गोष्ट दुपारपर्यंत चावडीवर पोचली. सरपंच आबाराव शाळा समितीचे अध्यक्ष. ते चिडून आले. "पुस्तकात दहा हाय, आमच्या विमलनं दहा लिवलं, मास्तरांनी बरोबर दिलं. आता ह्यात रसूलचं काय?" चाचा म्हणाले, "पाटील, पुस्तक लिहिणारा कधी विहिरीत उतरलाय का, एवढंच सांगा." दोघांमागं माणसं जमली. निम्मं गाव दहावाले झालं आणि निम्मं गाव एकोणीसवाले. सतरावाली एकटी मेहरूनच होती.

नवगिरे गुरुजी हे सगळं खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांच्या मनात काय होतं ते मला नंतर कळलं. आमच्या शाळेत पाण्याची सोय नव्हती. मुलं तहान लागली की नदीकाठच्या झऱ्यावर जायची आणि त्यातली काही दुसऱ्या दिवशीच परत यायची. गुरुजींनी विहिरीसाठी इतके अर्ज केले होते, की त्यांचा अर्ज म्हटला की तालुक्याचे कारकून न वाचताच फाईलला लावायचे. ते उठून म्हणाले, "भांडता कशाला? खोदूनच बघा ना. शाळेचं मैदान मोकळं आहे."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. गहू-हरभरा निघून गेला होता, माणसं रिकामी होती. अन् ठरलं.

मग अट कशी घालायची यावर दोन दिवस गेले. एकच विहीर खोदली तर वरचा मुरूम एकाच्या वाट्याला आणि खालचा दगड दुसऱ्याच्या, म्हणून दोन विहिरी. शाळेच्या पूर्वेला आठ जणांची, मागं पश्चिमेला बारा जणांची. दोन्ही दहा फूट रुंद. वीस फूट खोल गेली की झाली. दोन्हींवर एकेक कप्पी. आठ माणसं सरपंचांची. पण बारा कोणाची? चाचांची घेतली तर ती मुद्दाम हळू खोदतील, सरपंचांची घेतली तर चाचा मानणार नाहीत. सरपंच म्हणाले, "मास्तरनं निवडायची अन् मास्तरनंच उभं राहून खोदून घ्यायची. उदाहरण त्यांचं हाय." यावर मात्र दोन्ही बाजूंचं लगेच एकमत झालं.

गणितातले मजूर सगळे सारखे असतात. मी गावभर फिरून सारखी बारा माणसं शोधली. वयं लिहून घेतली, दंड बघितले. लोकांना वाटलं सैन्यात भरती आहे. शेवटी बारा झाली. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की गणपत नावाचा गडी एकटा दोघांचं काम करतो आणि त्याच्या शेजारचा म्हादू काहीच करत नाही. काहीच करत नाही हेही चूक. तो टिकावाला टेकून अशा गोष्टी सांगायचा, की बाजूचे तिघं हात थांबवून ऐकत. तो विहिरीत असताना काम कमी व्हायचं. ऋण संख्या मी पोरांना कितीतरी वर्षं शिकवली, पण चालती-बोलती तिथं पाहिली. त्याला वर काढावं तर बाराचे अकरा होतात, म्हणून काढताही येईना.

तिसऱ्या दिवशी खड्डा कमरेइतका झाला आणि गर्दी म्हणजे काय ते कळायला लागलं. दहा फुटांच्या गोलात बारा माणसं आणि बारा टिकाव. एकानं टिकाव उचलला की मागच्यानं खाली बसायचं. मी खडूनं, मग चुन्यानं, विहिरीच्या तळाचे बारा भाग पाडले. प्रत्येकानं आपला भाग खोदायचा. अर्ध्या तासात चुना खोदला गेला आणि कोणाचा भाग कुठला यावरून भांडण झालं. गणपतच्या कोपरानं एकाचा दात हलला. दोघं पायाला लागून बसले. टोपलं एकच वर जायचं, त्यामुळं बाकीच्यांनी खोदलेली माती पायाशीच पडून राहायची आणि ती तुडवून पुन्हा घट्ट व्हायची. मग तीच पुन्हा खोदायची. एक दिवस तर मी मोजलं, विहीर सकाळपेक्षा चार बोटं उथळ होती.

रसूलचाचा रोज काठावर येऊन उकिडवे बसायचे. एका शब्दानं टोचायचे नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "मास्तर, तुम्ही बी उतरा. तेरा करू."

"का?"

"लवकर व्हायला. हिसाबानं."

मी उतरलो. मला वाटलं, आपण उतरल्यावर माणसं लाजून काम करतील. पण त्यांनी मास्तरला बसायला जागा करून दिली आणि म्हादूनं मला त्याच्या आजोळच्या म्हशीची गोष्ट सांगितली. तेवढ्यात मेहरून काठावरून ओरडली, "सर, वर या. तेरा धरले तर उदाहरण बदलतंय." ती आणि विमल दोघींना गुरुजींनी रोज फूटपट्टीनं आणि दोरीनं खोली मोजून वहीत लिहायचं काम दिलं होतं. एक पूर्वेची मोजायची आणि एक पश्चिमेची, मग एकमेकींची तपासायच्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. खोली सांगण्यापुरतंच तोंड उघडायच्या.

सरपंचांच्या आठ जणांचं काम मात्र देखणं चाललं होतं. चौघं खाली, दोघं भरायला, दोघं वर ओढायला. सहाव्या दिवशी आठ फूट, अगदी त्रैराशिकानं सांगावं तसं. सरपंच मिशीवर हात फिरवत फिरायचे. अन् आठव्या दिवशी ठण्ण् असा आवाज आला. काळा पाषाण. एकसंध. अकरा फुटांवर. त्यांनी तो दोन दिवस फोडायचा प्रयत्न केला, चौदा पहारी वाकवल्या आणि मग विडी पेटवून काठावर बसले. ती विहीर पंधरा दिवसांत झाली नाही, पन्नास दिवसांत झाली नाही, आजही झालेली नाही. गणित सोडवताना आपण पहिली ओळ लिहितो, 'दिलेलं आहे'. कोणी दिलं, हे विचारायची आपली पद्धत नाही. 'आठ मजूर पंधरा दिवसांत खोदतात' हे वाक्यच खोटं ठरलं होतं, आणि आम्ही त्याच्या जोरावर पुढचं उत्तर काढायला निघालो होतो.

दहाव्या दिवशी आमची पश्चिमेची विहीर बारा फुटांवर होती. त्याच दिवशी तालुक्याहून तपासणीला साहेब आले.

साहेब जीपमधून उतरले तर समोर एक खड्डा आणि काठावर आठ माणसं विड्या ओढत. मागं दुसरा खड्डा, त्यात बारा माणसं भांडत. आणि सगळी शाळा दोन्ही खड्ड्यांभोवती वह्या घेऊन बसलेली. त्यांनी नवगिरे गुरुजींना विचारलं, "हे काय चाललंय?"

गुरुजी म्हणाले, "प्रात्यक्षिक आहे, साहेब. काळ, काम आणि मजूर."

साहेब खूश झाले. त्यांना उदाहरण माहीत होतं. नमुना पाठ घेताना तेच उदाहरण ते स्वतः द्यायचे. म्हणाले, "वा. बारा मजूर ना? म्हणजे दहा दिवस. आज कितवा?"

"दहावा."

"मग झाली का?"

गुरुजींनी विहिरीकडं हात केला. साहेबांनी आत वाकून बघितलं. खालून म्हादूनं त्यांना नमस्कार केला.

"ही पूर्ण दिसत नाही."

मी म्हणालो, "साहेब, अजून आठ फूट राहिलीय."

"पण बारा मजूर आहेत ना? मी मोजले."

"आहेत."

"रोज येतात?"

"येतात."

साहेब विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच अडचण आली होती. ते म्हणाले, "असं बघा सोनवणे, मी जर तपासणी वहीत लिहिलं, की दहाव्या दिवशी विहीर अपुरी, तर वरून विचारणा येणार, की पुस्तकातलं उत्तर चुकलं का शाळेचं. पुस्तक सगळीकडं तेच आहे. ते एका गावापुरतं कसं चुकेल?"

"मग चुकलं कोण?" मी विचारलं.

"मजूर," साहेब म्हणाले. "पण ते आपल्या आस्थापनेवर नाहीत, त्यामुळं त्यांच्यावर शेरा मारता येत नाही."

मग त्यांनी सावलीत बसून, माठातलं एक तांब्याभर पाणी पिऊन, वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'शाळेच्या आवारात बारा मजुरांकडून दहा दिवसांत विहीर पूर्ण. पाणी गोड. उपक्रम स्तुत्य.' गुरुजींनी सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. ते पाणी नदीकाठच्या झऱ्याचं होतं.

जीप गेल्यावर मी गुरुजींवर चिडलो. म्हणालो, "हे खोटं आहे." गुरुजींचे ओठ काही वेळ हलले. बहुतेक उर्दूतून काही मोजत होते. मग म्हणाले, "सोनवणे, आता विहीर दप्तरावर आहे. आता ती बुजवा म्हणायची कोणाची टाप नाही. खोदा तुम्ही."

आम्ही खोदत राहिलो. आता शर्यतीत दम राहिला नव्हता, दहावाले केव्हाच गप्प झाले होते. पण माणसांना त्या खड्ड्याची सवय झाली होती. चाचांनी चौदाव्या दिवशी न राहवून दोन शब्द सांगितले. आठ खाली ठेवा, चौघं वर बसू द्या, दर घटकेनं पाळी बदला. "बारा बाराच राहतील, पर गर्दी आठाची." काम दुपटीनं सरकलं. मेहरून म्हणाली, "अब्बा, तुमचं उत्तर तुम्हीच चुकवायलात." चाचा म्हणाले, "पाणी जवळ आलंय बेटा. आता उत्तर कोण बघतंय?"

सतराव्या दिवशी दुपारी, एकोणीस फुटांवर, गणपतच्या टिकावाखाली ओल लागली. मग हातभर डबकं झालं. म्हादूनं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला सांगायला काही सुचलं नाही. आख्खी शाळा काठावर नाचत होती. मेहरून ओरडली, "सतरा! सतरा दिवस!"

"वीस फूट ठरलंय," चाचा म्हणाले. "अजून एक फूट राहिलंय."

"पाणी लागलं म्हणजे विहीर झाली, अब्बा."

"ठरलं ते ठरलं."

तो एक फूट गुडघाभर पाण्यात खोदायला आणखी दोन दिवस लागले. एकोणीस. बाप-लेक दोघंही बरोबर निघाले. दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की आता मास्तर, तुम्ही बोला.

आता मला बोलायचं होतं. निकाल दुसऱ्या दिवशी लावायचा होता. मी मेहरूनचा पेपर समोर घेऊन बसलो. तिला चारपैकी चार दिले तर ती विमलच्या दोन गुणांनी पुढं जाते. माझ्या डोळ्यांसमोर विहीर होती, तिच्यात पाणी होतं. पण सरकारी वहीत विहीर दहा दिवसांत पूर्ण झाली होती आणि खाली माझीच सही होती. शिवाय सरपंच समितीचे अध्यक्ष. त्यांनी मला एक शब्दही सांगितला नव्हता, हे इथं मुद्दाम लिहितो. जी भीती होती ती माझी मीच घातलेली होती. मी शून्य खोडलं आणि दोन लिहिले.

दोघींचे गुण सारखे झाले.

गुरुजी म्हणाले, "समान गुण आले तर वयानं मोठी ती पहिली." रजिस्टर काढलं. विमलची जन्मतारीख एक जून. मेहरूनची एक जून. वर्षही तेच. मग आम्ही पुढची पानं उलटली. सगळ्या शाळेचा जन्म एक जूनचा होता. आमच्याकडं कोणाला खरी तारीख माहीत नसायची, आणि शाळा जूनमध्ये भरायची, म्हणून दाखल करून घेणारा मास्तर तीच टाकायचा. गुरुजींची स्वतःची तीच होती. माझीही.

शेवटी गुरुजींनी वसतिगृहाच्या बाईंना पत्र लिहिलं. मजकूर मला अजून आठवतो. 'आपल्याकडील खाट तीन फूट रुंद असल्याचे समजते. आमची प्रत्येक मुलगी सव्वा फूट आहे. दोन मुली मिळून अडीच फूट. अर्धा फूट शिल्लक राहतो. तरी दोघींना पाठवीत आहोत.' मला वाटलं, बाई चिडतील. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं : 'अर्धा फूट उशीला लागेल. पाठवा.'

जूनमध्ये सरपंच आणि रसूलचाचा एकाच बैलगाडीतून दोघींना पिशोरला मोटारीवर घालायला गेले. दोन्ही बाप रस्ताभर दगड, मुरूम आणि पाऊस यांवर बोलले. मुली पाठीला पाठ लावून बसल्या होत्या.

गणपती उठल्यावर माझं औरंगाबादला काम निघालं. वसतिगृहात गेलो. बाईंनी दोघींना बाहेर ओट्यावर बोलावलं. त्या हसत हसत आल्या. विमलच्या वेणीला मेहरूनची रिबीन होती. मी विचारलं, "खाटेवर जागा पुरते का?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मेहरून म्हणाली, "सर, खाट पहिल्याच दिवशी मोडली. आम्ही खालीच झोपतोत. बाईंना सांगू नका. नाय तर एकीला परत पाठवतील."

मी नाही सांगत म्हणालो. थोडं इकडचं-तिकडचं बोलणं झालं. चाचांनी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू दोघींना दिले. मी निघायला उठलो तेव्हा मेहरून म्हणाली, "सर, एक विचारू? माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग चारातले दोनच का दिले?"

माझ्याजवळ मास्तरचं उत्तर तयार होतं. कितीतरी मुलांना ते दिलेलं होतं. म्हणालो, "उत्तर बरोबर होतं, पण तू रीत दाखवली नव्हतीस."

ती जराही न रागावता म्हणाली, "सर, रीत तर एकोणीस दिवस शाळंमागं दाखवली."

खरं कारण त्या पोरीला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती, पण तिच्या तोंडाकडं बघून दुसरं काही सांगायचीही होईना. मी म्हणालो, "माझं चुकलं. चार द्यायला पाहिजे होते. मी भ्यालो." आणि बोलून झाल्यावर कळलं, की विमल तिथंच उभी आहे. चार दिले असते तर ती इथं नसती, हे तिला कळत होतं. गणितात ती कच्ची नव्हती.

विमलनं लाडूचा घास गिळला आणि आत पळाली. मला वाटलं रडायला गेली. ती वही आणि पेन घेऊन परत आली. वही मेहरूनची होती. कोरं पान काढून माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "आत्ता द्या की सर. चार लिवा, खाली सही करा. माझी खाट तशी बी मोडलेलीच हाय."

मी ओट्यावर बसून लिहिलं. चारपैकी चार. खाली सही केली आणि तारीख घातली. या वेळी खरी.